'नुसत्या पासवर्डला तीन दिवस': दुकानमालकाचं उत्तर

काका, नमस्कार. तुमचा जुना लॅपटॉप घरच्या नव्या राउटरच्या वायफायला जोडून द्यायचं काम आमच्याकडे होतं, त्याबद्दल तुम्ही इथे रिव्ह्यू लिहिलात, त्याला हे उत्तर. आधी माफी मागतो. आमच्याकडचा मुलगा तुम्हाला "हा लॅपटॉप भंगारात द्या" असं म्हणाला. वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलायचं नसतं, हे मी त्याला तेव्हाच सुनावलं. आणि बुधवारी सकाळी लॅपटॉप चालू केल्यावर वायफाय लागलं नाही, ती चूक माझी. ते खाली सांगतो.

पण "नुसता पासवर्ड टाकायला तीन दिवस लावले, सातशे रुपये उकळले आणि जावयाने सिक्युरिटी काढून दोन मिनिटांत चालू केलं" असं तुम्ही लिहिलंत, ते मनाला फार लागलं. २००४ पासून सांगलीत दुकान चालवतोय. हल्ली गिऱ्हाईक आधी मोबाइलवर स्टार बघतं आणि मगच पायरी चढतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

शनिवारी तुम्ही आलात पावणेआठला. आठला आम्ही शटर ओढतो. रविवारी दुकान बंद, तसं पाटीवर आहे आणि पावती देताना मी तोंडीही सांगितलं होतं. म्हणजे लॅपटॉप हातात घेतला तो सोमवारी सकाळी दहाला. मंगळवारी संध्याकाळी सहाला तुमच्या घरी, तुमच्या टेबलावर नेट चालू होतं. दोन दिवस म्हणा. तीन म्हणू नका.

सोमवारचा बराचसा दिवस गेला बॅकअपमध्ये. लॅपटॉप २००६ चा, तुमच्या मुलाने अमेरिकेहून आणलेला. हार्डडिस्क कट-कट वाजत होती आणि तिच्यावर तुमच्या श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहिलेल्या सगळ्या फायली. तुम्हीच म्हणाला होतात, "बाकी काही होऊ दे, माझं लिखाण जाता कामा नये." २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं होतं. पूर ओसरल्यावर लोक चिखलाने भरलेल्या हार्डडिस्क पिशवीत घालून आणायचे. एका बाईंना मुलीच्या लग्नाचे फोटो हवे होते, मला ते काढून देता आले नाहीत. तेव्हापासून बॅकअप झाल्याशिवाय मी जुन्या मशीनला हात लावत नाही. त्याचा एक रुपया तुमच्या बिलात नाही.

आता 'नुसता पासवर्ड'. तुमच्याकडे विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक २ (सर्व्हिस पॅक म्हणजे विंडोजच्या सुधारणांचा गठ्ठा). नवा राउटर डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या पक्क्या पद्धतीवर चालतो. सर्व्हिस पॅक २ ला ते मुळात येतच नाही. वेगळा अपडेट तरी टाकावा लागतो, नाहीतर २००८ चा सर्व्हिस पॅक ३. तोवर पासवर्ड शंभरदा बरोबर टाकला तरी उपयोग नाही. मी सर्व्हिस पॅक ३ टाकला, वायफाय कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बदलला. दुकानातल्या राउटरला लॅपटॉप लागला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि शटर अर्धं खाली होतं.

मंगळवारी तुम्ही घेऊन गेलात आणि तासाभरात तुमचा फोन, "मोबाइलवर नाव दिसतंय, यात दिसतच नाही." भर पावसात स्कूटर काढून आलो. वायफायलाही रेडिओसारखे नंबर दिलेले चॅनल असतात, आणि तुमच्या राउटरने आपोआप १३ नंबरचा घेतला होता. अमेरिकेतलं कार्ड ११ च्या पुढचं ऐकत नाही. चॅनल ६ वर पक्का केला, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ ठेवली, लागलं. हे फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं हो.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "पहिल्यासारखं करून द्या, माझा मोबाइल नंबरच चालायचा." बरोबर आहे. जुन्या राउटरवर डब्ल्यूईपी ही सुरक्षेची जुनी पद्धत होती, तिला दहा आकड्यांचा पासवर्ड चालायचा, म्हणून लोक मोबाइल नंबर टाकून मोकळे व्हायचे. मीच कितीतरी घरी तसा टाकून दिलाय. पण ती पद्धत कच्ची आहे हे २००१ पासून माहीत आहे. आज कोणी जिन्यात लॅपटॉप घेऊन बसला तर काही मिनिटांत आत शिरेल. म्हणून मी नाही म्हणालो. "मला शिकवू नका" हे तुमचे शब्द. मी गप्प बसलो, कारण तुम्ही वयाने मोठे.

माझी चूक अशी की निघण्याआधी लॅपटॉप रीस्टार्ट करून बघितला नाही. त्यात लॅपटॉप कंपनीचा स्वतःचा एक वायफायचा प्रोग्रॅम आहे. मशीन सुरू होतानाच तो उठतो आणि विंडोजच्या हातून कार्ड काढून घेतो. त्या जुन्या प्रोग्रॅमला डब्ल्यूपीए२ कळत नाही. तो बंद करायला मी विसरलो. जावईबापूंनी राउटरची सिक्युरिटीच काढली, आणि बिनपासवर्डचं नेटवर्क त्या प्रोग्रॅमलाही पकडता येतं, म्हणून लागलं. पण काका, आता तुमचं नेट कोणीही वापरू शकतं. त्यावरून कोणी काही उद्योग केला तर कनेक्शन तुमच्या नावावर आहे. शिवाय एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर मायक्रोसॉफ्टचा आधार उरलेला नाही, सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. आणि सिक्युरिटी काढल्याचं तुम्ही इथे जाहीर लिहिलंय. स्टार राहू द्या, पण तेवढं एक वाक्य आजच काढून टाका.

सातशेत पाचशे कामाचे आणि दोनशे घरी येण्याचे. पावतीवर मात्र मी नुसतं 'वायफाय सेटिंग' लिहिलं, त्यामुळे तुम्हाला तसं वाटलं असेल. यापुढे काय काय केलं ते पावतीवर लिहीत जाऊ, वेळेचंही आधी नीट सांगू. मुलांशीही बोललोय.

बुधवारी मी तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. लॅपटॉप घेऊन या, नाहीतर मी येतो, पैसे नकोत. फार तर पंधरा मिनिटांचं काम आहे. त्याआधी जावईबापूंना सांगून राउटरला पासवर्ड परत लावून घ्या, मोबाइल नंबर सोडून दुसरा काहीही. बँकेचं काम त्या लॅपटॉपवर करू नका, मोबाइलवरच करा. आणि येताना चार्जर आठवणीने आणा, त्याची बॅटरी पाच मिनिटंही टिकत नाही.