सरकारला त्रास न देता हवामान कसे वाचवावे

तर तुम्ही हवामान बदलावर काम करणारी संस्था काढताय. उत्तम. आधी नाव ठरवा. नावात 'वसुंधरा', 'हरित' किंवा 'संवर्धन' यांपैकी एक शब्द हवाच. 'संघर्ष' मात्र नको. तसल्या लेटरहेडकडे पोलीस ठाण्यात वेगळ्या नजरेने बघतात, आणि परवानगीसाठी वर्षातून दोनदा तरी तिथे जावेच लागते.

आपले मुख्य शस्त्र म्हणजे निवेदन. ते म्यानातच शोभते. मजकुरात कर्ता दिसता कामा नये, हा पहिला नियम. 'सरकारने कोळशावरची वीज अमुक सालापर्यंत बंद करावी' या वाक्यात सरकार दिसते, साल दिसते आणि कामही दिसते, तिन्ही घातक. त्यापेक्षा 'याबाबत सहानुभूतीपूर्वक विचार होऊन योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती' असे लिहा. कोणी, काय, कधी करायचे ते काहीच कळत नाही, आणि वाचणाऱ्याला फार बरे वाटते. मग आवक-जावकच्या खिडकीत शिक्का मारून पोच घ्या. पोच मिळाली की काम झाले. माझ्याकडे अशा पोचांच्या चार फाइली आहेत. पाच होत्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यात एक वाहून गेली. नेमकी 'नालेसफाई'ची.

कार्यक्रमाची वेळ नीट निवडा. रविवार, सकाळी सात ते नऊ. उन्हे चढत नाहीत, लोकल रिकामी असते आणि नंतर इडली-वडा खाता येतो. यात एकच अडचण आहे: सरकार रविवारी सकाळी काही करत नाही. गोरेगावच्या आरे जंगलाचेच बघा. 4 ऑक्टोबर 2019, शुक्रवार. उच्च न्यायालयाने झाडे वाचवण्यासाठीच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो-3 च्या कारशेडसाठी झाडांवर करवती चालू झाल्या. ज्यांना संस्था कशी चालवावी याचे काहीच ज्ञान नव्हते अशी कॉलेजची पोरे निरोप मिळताच निघाली आणि अंधारात गेटपाशी जाऊन उभी राहिली. जमावबंदी लागली, 29 जणांना अटक झाली. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तेव्हा सरकारने सांगितले की हवी तेवढी झाडे तोडून झाली आहेत. दोन हजारांहून जास्त होती. आमच्या संस्थेनेही या प्रकरणी तीव्र भूमिका घेतली. पुढच्याच रविवारी आम्ही शिवाजी पार्कात दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिलो. एका सभासदाचा मोबाइल वाजला, पण एकंदरीत गांभीर्य टिकले.

आता आराखड्याविषयी. सरकारला कधीतरी तुमची दया येते आणि ते तुम्हाला बैठकीला बोलावते. जरूर जा. खुर्चीवर तुमच्या नावाचा कागद चिकटवलेला असतो, आणि त्या कागदासाठी माणूस पुष्कळ काही विसरतो. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये जाहीर झाला. 2050 पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्य करायचे त्यात ठरले आहे. देशाचे साल 2070. म्हणजे मुंबई वीस वर्षे पुढे. एवढे पुढे तर आपण फास्ट लोकलनेही जात नाही. त्याच महिन्यात पालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची साडेतीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवक नावाचा माणूसच पालिकेत नव्हता. दबाव आणायचा तरी कोणावर? या सोयीबद्दल आमच्या कार्यकारिणीने समाधान व्यक्त केले.

त्या आराखड्यात 2030 पर्यंत उत्सर्जन 30 टक्क्यांनी कमी करायचेही लिहिले आहे. हे वाक्य बैठकीत मोठ्याने वाचू नका. 2030 फार जवळ आहे. तेव्हा आपण सगळे जिवंत असू आणि कोणीतरी विचारेल. तसेच बेस्टचा विषय काढू नका. मे 2025 मध्ये साध्या बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 झाले. बसमधला माणूस रिक्षात किंवा दुचाकीवर गेला तर धूर वाढतो, हे खरे. पण भाडे हा 'परिवहन' खात्याचा प्रश्न, आपले खाते 'पर्यावरण'. आपण कापडी पिशव्या वाटाव्यात.

संगत सांभाळा. विशेषतः शेतकऱ्यांपासून दूर राहा. मार्च 2018 मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी आणि आदिवासी 180 किलोमीटर चालत मुंबईत आले. पायांची सालटी निघाली होती. दहावीची परीक्षा चालू होती म्हणून मुलांना त्रास नको, असे म्हणून शीवपासून आझाद मैदानापर्यंतचा टप्पा त्यांनी रात्री चालून काढला. दुसऱ्या दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिले. (ते सगळे पाळले गेले नाही म्हणून ते पुन्हा चालत निघाले. आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही, कारण आम्हाला आश्वासनच दिलेले नाही.) माणसे अशी उघडपणे एखादी गोष्ट मागू लागली, तारीख घालू लागली आणि मिळेपर्यंत मैदानातून उठेनाशी झाली, तर निवेदनाची प्रतिष्ठा ती काय राहिली?

परदेशातूनही फार काही शिकू नका. लंडनमध्ये पोरींनी व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांवर टोमॅटो सूप ओतले. चित्राला काच होती, तरी आपल्याकडे एवढे सूप कोण वाया घालवेल? त्यांच्या संघटनेने 2025 मध्ये गाशा गुंडाळला, हे सभासदांना अवश्य सांगा. स्वित्झर्लंडच्या आज्यांचे मात्र सांगू नका. तिथल्या दोन हजारांहून अधिक म्हाताऱ्या उन्हाचा त्रास होतो म्हणून थेट आपल्या सरकारविरुद्ध युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेल्या आणि एप्रिल 2024 मध्ये जिंकल्या. नाना-नानी पार्कात ही बातमी फुटली तर आपला ज्येष्ठ नागरिक विभाग हाताबाहेर जाईल.

कोणी विचारेलच, 'तुम्ही सरकारला जोर का लावत नाही?' तेव्हा भीती वाटते असे म्हणू नका. 'रचनात्मक संवाद' म्हणा. भीती अगदीच बिनबुडाची आहे असेही नाही. 2020 मध्ये प्रकल्पांच्या पर्यावरण मूल्यांकनाच्या नव्या नियमांच्या मसुद्याविरुद्ध तरुणांनी मंत्र्यांना ई-मेलवर ई-मेल पाठवले, तर त्या तरुणांचीच वेबसाइट बंद पडली आणि दिल्ली पोलिसांनी नोटिशीत दहशतवादविरोधी कायद्याचे कलम घातले. नंतर ते चुकून घातले असे सांगून मागे घेतले. 2021 मध्ये बंगळुरूची हवामान कार्यकर्ती दिशा रवी एका टूलकिटपायी, म्हणजे शेतकरी आंदोलनाला पाठिंबा कसा द्यावा हे सांगणाऱ्या ऑनलाइन टिपणापायी, तुरुंगात गेली. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. आमच्या कार्यकारिणीचे सरासरी वय अडुसष्ट, पेन्शन चालू, मुले अमेरिकेत, पासपोर्टवर ना डाग ना गुन्हा. तरी सगळ्यात जास्त भीती आम्हालाच वाटते. इतक्या वर्षांच्या अनुभवाशिवाय हे जमत नाही.

शेवटचे म्हणजे प्रायोजक. दरवर्षी एक बिल्डर आमच्या टोप्या देतात. टॉवर खाडीच्या काठाला लागून आहेत, पण टोप्या सुती असतात.

येत्या 5 जूनला सकाळी सात वाजता दादर चौपाटीवर मानवी साखळी आहे, जरूर या. समुद्राकडे पाठ करून उभे राहायचे आहे, कारण फोटोग्राफर रस्त्याच्या बाजूला असेल. घोषणा छापील मिळतील. स्वतःच्या आणू नयेत. पाऊस जास्त असल्यास कार्यक्रम रद्द समजावा.