मी पण!

आमच्या घरात सध्या कोणत्याही प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची सोय उरलेली नाही. लेक चौथीत गेली तेव्हा आता अभ्यास वाढणार अशी भीती होती. अभ्यास आहे तेवढाच आहे, वाढलं ते भलतंच. रोज मधल्या सुट्टीत कोणीतरी मैत्रीण तिला नव्या पद्धतीने फसवते आणि ती फसवणूक डब्यातल्या उरलेल्या अर्ध्या पोळीसारखी जशीच्या तशी घरी येते. पोळी निदान तिची आई संपवते. फसवणूक माझ्या वाट्याला येते.

मुलुंडला स्लो लोकलमधून बाहेर फेकला गेल्यावर माणसाच्या अंगात जे काही शिल्लक असतं, तेवढ्यावर मी दारात उभा असतो.

"बाबा, मी एकेक वाक्य बोलणार. तू फक्त 'मी पण' म्हणायचं."

"बरं."

"मी बाजारात गेले."

"मी पण."

"मी कोथिंबीर घेतली."

"मी पण."

"तिथे एक गाढव उभं होतं."

"मी पण."

समोरच्या घराचं दार उघडंच होतं. तिथून आलेलं हसू मला अजून ऐकू येतं.

"बाबा, लेस सुटलीये," हेही रोजचंच. मी खाली बघतो. पायात चपला असतात.

गंमत अशी की यातलं काहीही नवीन नाही. 'मी पण' आमच्याही वेळी होतं, फक्त आमच्याकडे गाढवाच्या जागी म्हैस असायची. दादरच्या आमच्या शाळेत पटांगण म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट होती. तिथे क्रिकेट शक्य नव्हतं आणि लगोरीचा चेंडू दरवेळी मुख्याध्यापकांच्या खिडकीकडेच ओढ घ्यायचा. मग उरलं काय? एकमेकांना उल्लू बनवणं. त्याला जागा लागत नाही, साहित्य लागत नाही आणि मधल्या सुट्टीत डबा खाऊन उरलेल्या वेळात सहज तिघे जण गुंडाळून होतात.

रावळगावच्या गोळीचा कागद आत खडा घालून दोन्ही बाजूंनी असा पिळायचा, की कारखान्यातल्या माणसालाही फरक कळू नये. टाळी द्यायला हात पुढे करायचा आणि समोरच्याने हात उचलला की आपला हात केसांवरून फिरवायचा. पण हे बालवाडीचे प्रकार. खरा कस लागायचा शपथेत. कोणाकडूनतरी "आईशप्पथ" वदवून घ्यायचं आणि मग "सुटली" म्हणायचंच नाही. आमच्या शपथशास्त्राप्रमाणे समोरच्याने "सुटली" म्हटल्याशिवाय शपथ अंगावरच राहते आणि ज्याची घेतली त्याच्या जिवाला धोका असतो. तो बिचारा गणिताच्या तासाला मागून पाठीत पेन्सिल टोचत राहायचा, "सुटली म्हण ना रे, आई घरी एकटी आहे!" शेवटी शाळेबाहेरच्या बोरवालीकडून मीठ-तिखट लावलेली बोरं आली, की आईचा जीव वाचायचा. आज याला खंडणी म्हणतात आणि कलम लागतं.

'स्टॅच्यू' तर होताच. एकाला पाण्याच्या नळाशी ओंजळ तोंडाजवळ असताना "स्टॅच्यू" केलं आणि नेमकी घंटा झाली. "ओव्हर" म्हणायचं राहून गेलं. वर्गात हजेरी सुरू झाली, तो तिकडे तसाच उभा. सरांनी जाऊन विचारलं, "इथे काय चाललंय?" बोलला असता तर हरला असता, म्हणून तो बोलला नाही. मग जे व्हायचं ते झालं. पण मार खातानाही ओंजळ हलली नाही असं प्रत्यक्षदर्शी सांगायचे. पुढे कित्येक दिवस आम्ही त्याला कैरीची पहिली फोड द्यायचो.

हाच खेळ परवा लेकीने माझ्यावर दादरच्या पुलावर केला, संध्याकाळी, ऐन गर्दीत. "स्टॅच्यू!" मी इमानदारीत थिजलो, पण दादरच्या पुलावर थिजून उपयोग काय? मी पुतळ्याच्या अवस्थेत, एक पाय अर्धवट उचललेला, पश्चिमेकडून थेट मध्य रेल्वेच्या बाजूला पोचलो. मागून बायको लेकीला ओरडत होती, "ओव्हर म्हण, ओव्हर म्हण! बाबा चालला!"

रंगपंचमीच्या सुमाराला बटाटे निघायचे. अर्धा कापलेला बटाटा घेऊन त्यावर ब्लेडने 'गाढव' उलटं कोरायचं, वर शाई चोपडायची आणि मित्राला मिठी मारल्यासारखं करून पाठीवर ठसा. उलटं कोरणं हे आमच्या पिढीचं पहिलं मुद्रणकाम. एका महाभागाने ते सरळच कोरलं. ज्याच्या पाठीवर उमटलं त्याला काही कळेना, आम्हालाही वाचता येईना, आणि इतिहासाचे सर जवळ येऊन चष्मा सावरत म्हणाले, "मोडी आहे का रे?"

हे सगळं माझ्या लेकीला कोणी शिकवलं? मी नाही. पुस्तकात नाही, आणि ज्या मैत्रिणीकडून आलं तिच्या आईवडिलांना विचारलं तर ते आमच्याकडे बोट दाखवतात. इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी या नवरा-बायकोने हाच नाद घेतला होता. ७० शाळांमधल्या सुमारे ५००० पोरांकडून त्यांची गाणी, कोडी, शपथा, चिडवाचिडवी गोळा केली आणि १९५९ साली पुस्तक छापलं. त्यांना आढळलं ते आमच्या मजल्यावर रोज दिसतं. हा माल मोठ्यांना वगळून पोराकडून पोराकडे जातो, आणि कित्येकदा पिढ्यान्‌पिढ्या फारसा न बदलता जातो. मला विचाराल तर त्यामागचं कारण अगदी व्यापारी आहे. फसलेल्याला आपला तोटा भरून काढायचा असतो. दुपारी बारा वाजता फसलेलं पोर एक वाजता दुसरं गिऱ्हाईक गाठतं. ज्याने फसवलं त्याच्यावर राग धरायला वेळच नसतो. कट्टी झालीच तरी डबा उघडेपर्यंत टिकते.

याच इंग्लंडमध्ये एप्रिल फूल दुपारी बारापर्यंतच चालतं. बारानंतर जो कोणी फसवायला जाईल तोच मूर्ख ठरतो. हा नियम मुंबईत लागू केला असता तर दुपारच्या शाळेतल्या पोरांनी मोर्चा काढला असता. सकाळच्या शाळेने दिवसभराचा कोटा संपवायचा आणि दुपारवाल्यांनी नुसता भूगोल शिकायचा? आमच्याकडे म्हणूनच "एप्रिल फूल, डब्बा गुल" संध्याकाळी सोसायटीचे दिवे लागेपर्यंत चालतं.

मोठी माणसं फसत नाहीत हा आणखी एक गैरसमज. लेक दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेली. काका पंचाहत्तरीचे, दासबोध तोंडपाठ, एकादशी न चुकवणारे. तिने विचारलं, "काका, कृष्ण वनवासाला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर कोण कोण गेलं?"

"सीता आणि लक्ष्मण!" काका खुर्चीतून अर्धे उठत म्हणाले. "आणि उर्मिला मात्र मागे राहिली हो. तिचा त्याग कोणी लक्षात घेत नाही."

या चुकीलाही शास्त्र आहे. अमेरिकेत १९८१ साली एरिक्सन आणि मॅटसन या दोघांनी लोकांना विचारलं होतं, "मोझेसने नौकेत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले?" बायबलमधल्या महापुराच्या गोष्टीत प्राण्यांच्या जोड्या वाचवणारी नौका नोहाची, मोझेसची नव्हे, हे पक्कं ठाऊक असलेले कितीतरी जण बेधडक "दोन" म्हणून मोकळे झाले. नाव जवळपासचं असलं आणि बाकीचा प्रश्न ओळखीचा असला, की मेंदू नावापाशी थांबतच नाही. काकांना मी हे समजावलं, म्हणजे त्यांना बरं वाटेल. काकांना बरंच वाटत होतं. म्हणाले, "कृष्ण काय, राम काय, तत्त्व एकच. उत्तर बरोबर आहे. पोरीचे मार्क कापा."

आता माझ्या खऱ्या हालाकडे येतो. हाल फसण्यात नाहीत, न फसण्यात आहेत.

एकदा मी दमून आलो होतो. तिने सुरू केलं, "कागदाचा रंग कोणता?" पांढरा. "ढगाचा?" पांढरा. "बगळ्याचा?" पांढरा. "गाय काय पिते?" बऱ्या घरचा माणूस इथे "दूध" म्हणतो. मी म्हणालो, "पाणी."

घरात सुतक पडलं. लेकीचा चेहरा उतरला. चिडका बिब्बा होऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बायको पोळी तव्यावर टाकून बाहेर आली. "काय मिळवलंस? दूध म्हटला असतास तर दुधाचे पैसे पडणार होते?"

तेव्हापासून मी रोज फसतो, आणि मन लावून फसतो. हे सोपं नाही. लगेच फसलं तर संशय येतो, फार विचार करून फसलं तर चव जाते. मधली एक जागा असते. तिथे भुवया जरा वर न्यायच्या, ओठ पुटपुटल्यासारखे हलवायचे, आणि आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर द्यायचं. आत्मविश्वास महत्त्वाचा. त्यानंतर क्षणभर काहीच कळलं नाही असा चेहरा, मग कपाळावर हात, "आईगं! पुन्हा?" हा "पुन्हा" विसरायचा नाही. मुंबईत प्रायोगिक रंगभूमीवर लोक फुकट राबतात असं ऐकून होतो. आता मीही त्यातलाच आहे. शिवाय प्रयोग रोज, एकच प्रेक्षक आणि तोच समीक्षक. एकदा माझा "आईगं" जरा लवकर आला, तर म्हणाली, "बाबा, तू मुद्दाम फसतोस." न फसण्यापेक्षा हा गुन्हा मोठा. त्याबद्दल रविवारी पाणीपुरी द्यावी लागली.

खऱ्या फसवणुकीला अभिनय लागत नाही. एका सकाळी मी मुलुंडला गाडी पकडली. डब्यात लोक माझ्याकडे बघत होते. घाटकोपरला दोघे हसले. कुर्ल्याला एकाने तोंडाने "पीं" केलं. मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी माणूस माणसाकडे बघून हसतो, ही गोष्टच मला इतकी हृद्य वाटली की मीही हसून मान हलवली. भायखळ्याला भजनी मंडळातल्या एका बुजुर्गांनी टाळ खाली ठेवले आणि माझ्या पाठीवरचा पिवळा कागद सोडवून हातात दिला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'हॉर्न ओके प्लीज'. महाराष्ट्रात २०१५ साली व्यावसायिक वाहनांच्या मागे हे लिहायला बंदी आली. बापाच्या मागे लिहू नये असं त्या आदेशात म्हटलेलं नाही.

या सगळ्याचा एक फायदा मात्र झाला. मध्यंतरी एक फोन आला. पलीकडचा गृहस्थ फार काळजीत होता. "सर, तुमचं खातं आज रात्री बंद होणार आहे."

सवयीने तोंडातून गेलं, "माझं पण."

तो गोंधळला. "सर, मी बँकेतून बोलतोय."

"मी पण."

त्याने फोन ठेवला.

आई हे सगळं महिनोन्‌महिने कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होती. ती कधी फसली नाही, कारण तिला ऐकू कमी येतं असं सांगून ती प्रत्येक प्रश्न तीनदा विचारायला लावायची, आणि तिसऱ्यांदा विचारलेल्या गमतीत गंमत उरत नाही. गेल्या रविवारी दुपारी तिने नातीला हाक मारली.

"इकडे ये गं. डोळे मीट आणि हात पुढे कर. तुझ्या बाबालाही बोलाव. त्यालाही देते."

आजी काहीतरी देते म्हणजे नारळाची वडी, असा आमच्या घरचा इतिहास आहे. आम्ही दोघांनी डोळे मिटले, हात पुढे केले. हातात जड, ओलं काहीतरी आलं. डोळे उघडले तर परातीत मोड आलेले वाल. चांगले अर्धा किलो.

"सोला आता," आई म्हणाली. "बिरडं करायचंय. आणि साल नीट काढा, मागच्या वेळी तुझ्या बापाने अर्धी तशीच ठेवली होती."

लेक परातीकडे बघत राहिली. मग एक वाल उचलून दोन बोटांत दाबला. तो सालीतून सुटून थेट माझ्या चष्म्यावर आला. ती हसली, आजीकडे वळली आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"आजी, हे उद्या शाळेत करायचं असेल तर वाल आज रात्री भिजवावे लागतील का?"

"आज भिजवून उद्या मोड कुठले येणार?" आई म्हणाली. "परवासाठी भिजव. किती जणींना फसवायचंय?"