बहिरा डिटेक्टिव्ह म्हणजे गिमिक? जरा थांबा

सध्या रहस्यकथा वाचणाऱ्यांत एक फॉरवर्ड जाम फिरतोय. त्याचं म्हणणं असं की कादंबरीत बहिरा हौशी डिटेक्टिव्ह घेणं म्हणजे नुसता गिमिक. कारणं चार दिलीत: सस्पेन्स आवाजावर चालतो आणि ह्याला तर ऐकूच येत नाही, मग लेखक त्याला ओठ वाचायला लावतो आणि तो लांबून सगळं ओळखतो, म्हणजे चीटिंग, साक्षीदाराची चौकशी त्याला जमणार कशी आणि अशांचं कोर्टात ऐकणार कोण, आणि शेवटचं, आता हिअरिंग एड आणि कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र) आलेत त्यामुळे विषयच जुना झाला.

पहिल्या मुद्द्यावर मला हसूच आलं. अहो, कादंबरीला बॅकग्राउंड म्युझिक कुठे असतं? दाराची करकर सिनेमात ऐकू येते, पुस्तकात ती लेखकाने लिहिलेली एक ओळ असते, तशीच ओळ दाराखालच्या फटीतून सरकलेल्या सावलीवर किंवा पायाखाली हललेल्या लाकडी फळीवर पण लिहिता येते की. वाचकाला घाम फुटतो तो जे त्याला कळलंय ते पात्राला कळलेलं नाही म्हणून. आणि लेखक पात्राच्याच डोळ्यांनी सांगत असेल तर अजून वाईट, मागे कोणी उभं आहे हे खांद्यावर हात पडेपर्यंत आपल्यालाही कळत नाही.

एक साधी गोष्ट घ्या, लाइट जाणं. आपल्याकडे लाइट गेली की गप्पा उलट रंगतात, पण जो माणूस ओठ बघून किंवा साइन, म्हणजे हातांच्या खुणांची भाषा, बघून बोलतो त्याचं बोलणं त्या सेकंदाला बंद, समोर बसलेला मित्र हाका मारत असला तरी ह्याच्यासाठी तो तिथे नाहीच. लोडशेडिंगच्या जोरावर अख्खं एक प्रकरण निघेल आणि त्यात एकही किंकाळी लागणार नाही.

ओठ वाचण्याबद्दल मात्र फॉरवर्डवाल्याला अर्धे मार्क द्यावेच लागतील. ह्या प्रकारातलं गाजलेलं जुनं नाव म्हणजे ड्रुरी लेन. अमेरिकेतल्या फ्रेडरिक डॅनी आणि मॅनफ्रेड ली ह्या एलरी क्वीन म्हणून लिहिणाऱ्या जोडीनेच 'बार्नाबी रॉस' हे दुसरं टोपणनाव घेऊन १९३२-३३ मध्ये त्याच्या चार कादंबऱ्या काढल्या. लेन म्हणजे ऐकू येईनासं झाल्यावर स्टेज सोडलेला शेक्सपिअरचा नट, पोलिसांना हौसेने मदत करतो, आणि ओठ असे वाचतो की जणू कानच शाबूत आहेत. ते खोटंच आहे, मान्य. पण एका लेखकाची सवलत म्हणजे सगळ्या प्रकाराचा दोष कसा काय?

खरं ओठ वाचणं काय असतं ते बघायचं असेल तर आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: पापा, बाबा, मामा. तिन्ही सेम टू सेम दिसतात. आता विचार करा, मरणाच्या दारातली एखादी बाई कसेबसे ओठ हलवून सांगतेय "बाबांनी मारलं", की "मामांनी मारलं"? दोन संशयित, आणि ओठांवर फरक शून्य! क आणि ग तर घशाजवळ बनतात, ओठांवर काही दिसतच नाही. इंग्रजीत जेमतेम ३० ते ४० टक्के आवाज ओठांवर दिसतात असं सहसा सांगितलं जातं, बाकीचं संदर्भावरून जुळवायचं. त्यात समोरच्याला भरघोस मिशी असेल, तोंडात तोबरा असेल, तो मान वळवून बोलत असेल, किंवा २०२० सारखं अख्खं गाव मास्कमध्ये असेल तर संपलंच. आणि डोळे कानाला फसवतात हे तर प्रयोगाने दिसलेलं आहे, १९७६ मध्ये मॅगर्क आणि मॅकडोनाल्ड ह्यांनी 'बा' चा आवाज 'गा' म्हणणाऱ्या चेहऱ्यावर चढवला तर बऱ्याच लोकांना 'दा' ऐकू आलं. म्हणजे ओठ वाचणं ही सुपरपॉवर नाही, तो सतत चाललेला अंदाज आहे, आणि चुकलेला अंदाज हाच तर रहस्यकथेचा कच्चा माल! एमा व्हिस्किकच्या 'रेझरेक्शन बे' (२०१५) मधला ऑस्ट्रेलियातला केलेब झेलिक बघा. हौशी नाही, तपास हा त्याचा धंदाच आहे, पण मुद्दा तोच. लहानपणी मेनिंजायटिसने ऐकू येणं गेलं आणि गडी इतका मानी की ऐकू येत नाही हे लोकांना कळू नये म्हणून धडपडतो, नीट समजलं नसलं तरी परत विचारायला त्याच्या जिवावर येतं. तुम्ही वाचताना मनात ओरडता, अरे विचार ना!

आता चौकशी आणि कोर्ट. ड्रुरी लेनच्याच मालिकेत 'ट्रॅजेडी ऑफ वाय' मध्ये एक साक्षीदार बाई आहे, तिला दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. रात्री खोलीत आलेल्या माणसाला तिचा हात लागतो, गाल मऊ गुळगुळीत लागतो आणि व्हॅनिलाचा वास येतो. बस्स, एवढ्यावर पुढचं सगळं उभं आहे. (पुढे काय ते सांगत नाही, शिव्या बसतील.) कान आणि डोळे धडधाकट असलेला साक्षीदार असता तर ही कादंबरी झालीच नसती.

आणि कोर्ट ऐकत नाही हे कोणी सांगितलं? आपल्या जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११९ च मुळी ह्यासाठी होतं: बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने भर कोर्टात लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यायची आणि ती तोंडी साक्षच धरायची. २०१३ च्या दुरुस्तीत दुभाष्याची किंवा स्पेशल एज्युकेटरची मदत आणि व्हिडिओ रेकॉर्डिंग आलं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम १२५ आहे. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी ह्या कर्णबधिर वकील सुप्रीम कोर्टात दुभाष्याच्या मदतीने उभ्या राहिल्या. वकील चालतात पण कादंबरीतला डिटेक्टिव्ह चालत नाही, वा रे वा.

दुभाष्या आला की मजा तर अजून वाढते, कारण चौकशीच्या खोलीत तिसरा माणूस आला, त्याने नीट सांगितलं का, काही गाळलं का? आणि साइन लँग्वेज जगभर एकच असते हा पण गोड गैरसमज. अमेरिकन साइनची मुळाक्षरं एका हाताची, ब्रिटिशांची दोन हातांची, म्हणजे दोन्ही देशांत इंग्रजीच चालत असलं तरी न्यूयॉर्कचा बहिरा डिटेक्टिव्ह लंडनच्या बहिऱ्या साक्षीदारासमोर अडकणार.

मशीनवाला मुद्दा पटकन उरकतो. हिअरिंग एड आवाज मोठा करतं, स्पष्ट करेलच असं नाही, गोंगाटाच्या हॉटेलात तर शेजारच्या टेबलावरच्या ताटल्या पण मोठ्या होतात. इम्प्लांटचं बाहेरचं युनिट काढून ठेवलं की ऐकू येणं बंद, आणि बॅटरी संपते, नेमकी कधी संपवायची हे लेखकाच्या हातात आहे! टेक्नॉलॉजीने विषय जुना होतो हेही चूक. पेनी वॉर्नरची कॉनर वेस्टफॉल, १९९७ मधली कॅलिफोर्नियातल्या छोट्या गावची बहिरी पत्रकार आणि खरीखुरी हौशी डिटेक्टिव्ह, ती टीटीवाय मशीनवर टाइप करून फोन करायची. आज त्या जागी व्हॉट्सॲप आणि व्हिडिओ कॉल, आणि मेसेज कोणीही कोणाच्याही फोनवरून पाठवू शकतो. आवाज ओळखून "हा तो नाहीच" म्हणायची सोय जिला नाही, तिला असा मेसेज रात्री दोनला आला की ताबडतोब ये, तर तिने जायचं की नाही?