हेड पॉलिश करायला सांगणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

काल रात्री साडेदहाला ताईचा फोन. भाचा यंदा पहिल्यांदाच वन-मेक क्लासमध्ये, म्हणजे सगळ्यांना एकाच प्रकारची गाडी आणि इंजिन असतं त्या कार रेसिंगमध्ये, उतरणार आहे, कोइम्बतूरला, आणि आमच्या बडोद्याच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी 'वन-मेक रेसिंगचं काळं सत्य' टाकलंय ते वाचून ती विचारतेय की हेड पॉलिश करून घ्यायला पैसे पाठवू का. हेड म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, आणि पॉलिश म्हणजे जास्त पॉवरसाठी त्यातल्या हवेच्या वाटा आतून घासणं. गॅरेजवाल्याने आकडाही सांगून झालाय! डोकंच फिरलं, म्हणून लिहितोय.

फॉरवर्डमध्ये चार गोष्टी आहेत. सगळी इंजिनं सारखी असतात हे थोतांड आहे, इंजिन कुणी उघडू नये म्हणून लावलेली सील शोभेची असतात, डायनोवर (इंजिनाची पॉवर मोजायचं मशीन) पॉवर मोजली की तपासणीचं काम झालं, आणि शेवटी सगळ्यात घाणेरडं म्हणजे 'सगळेच हेडला हात लावतात, उघडून कोण बघतंय, तुम्हीही करा'.

आधी हे शेवटचंच घेतो. उघडून बघतात. अमेरिकेत स्पेक मियाटा म्हणून क्लास आहे, माझदाची जुनी मियाटा घेऊन नोकरीधंदा सांभाळणारी माणसं रेस करतात, हौशी रेसिंगमधल्या सगळ्यात मोठ्या क्लासपैकी एक. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर त्यांची एससीसीएची (तिथल्या हौशी रेसिंगची संघटना) राष्ट्रीय फायनल झाली, रेसनंतर हेडं काढून तपासली तर व्हॉल्व्ह जिथे बसतो त्या सीटच्या खाली पोर्टमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेत, नियमाबाहेर धातू काढलेला निघाला, आणि पुढे आलेल्यांपैकी बरेच जण बाद झाले. वर्षभराची मेहनत, गाडी, प्रवास, सगळं पाण्यात. आता कबूल करायला जिवावर येतं पण करतो, 'बरेच जण करत होते' एवढं तिथे खरं निघालं, आणि पुढे तिथला नियम बदलून थोडं काम मान्यही केलं. पण ते नियम बदलल्यावर, सगळ्यांसाठी. बाद झालेल्यांना 'बाकीचे पण करतात' म्हणून कुणी सोडलं नाही. आणि आपला पोरगा अठरा वर्षांचा आहे हो, पहिल्याच सीझनला त्याच्या नावापुढे इंजिनात चोरी असं लागलं तर पुढे कोणती टीम त्याला गाडीत बसवेल?

आणि हे लपतं असं ज्याला वाटतं त्याने मशीन शॉपमध्ये एक दिवस उभं राहून बघावं. बुरेटने, म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या नळीने, तेल सोडून हेडमधला चेंबर (जिथे इंधन पेटतं ती पोकळी) किती सीसीचा आहे ते मोजतात, डायल गेज लावून कॅमची लिफ्ट, म्हणजे तो व्हॉल्व्ह किती उचलतो ते, बघतात. ७४ मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) इंजिनाचं हेड फेसिंगमध्ये, म्हणजे खालची बाजू सपाट करताना, अर्धा मिलिमीटर जास्त घासलं तर चेंबर दोन सीसीने कमी भरतो, ते बुरेटवर सरळ दिसतं.

सारखी इंजिनं. बरोबर, अगदी सारखी दोन इंजिनं कारखान्यातूनही येत नाहीत, कास्टिंगमध्ये उन्नीस-बीस असतंच. पण नियम तसं म्हणतच नाही. आपल्याकडची फॉर्म्युला एलजीबी फोर घ्या, सगळ्यांना एकच मॉडेल, मारुती स्विफ्टचं १३०० सीसी इंजिन. मियाटात तर १६०० आणि १८०० सीसीच्या गाड्या एकत्र पळतात, मग वजन आणि इनटेकवरची रेस्ट्रिक्टर प्लेट (आत जाणारी हवा कमी करणारी भोकाची पट्टी) वेगवेगळी ठेवून जुळवतात. फरक राहतो तो बारीक, त्याच्यावर पैसे जाळायची वेळ येऊ नये एवढंच बघायचं असतं.

डायनोचं तर बोलूच नका. तोच डायनो, तीच गाडी, बडोद्यात जानेवारीच्या पहाटे १२ डिग्रीला लावा आणि मे महिन्यात दुपारी ४२ ला, हवाच नऊ-दहा टक्के विरळ होते. आकड्याला हवामानाचं करेक्शन लावतात, पण दोन डायनोंचे आकडे तरी कुठे जुळतात. शिवाय पीक पॉवर नियमात बसवून मधल्या आरपीएमला टॉर्क वाढवला तर वळणातून बाहेर पडताना तीच गाडी पुढे जाते, आणि नुसता पीकचा आकडा बघणाऱ्याला ते कळत नाही. डायनो असावा, पण हेड उघडण्याऐवजी नाही.

सीलचं काय, तार आणि नंबर असतो, नंबर नोंदवलेला असतो. तुटलं की विचारणा होते. शोभेचं असतं तर लोक ते न तोडता आत शिरायच्या वाटा शोधत बसले नसते.

ताईला सांगितलंय, गॅरेजवाल्याला आजच नाही म्हणून कळव, हेड आहे तसं परत आण. त्या पैशांत टायरचा एक सेट येईल आणि दोन दिवस ट्रॅकवर सराव होईल. भाच्याचे लॅप अजून एकमेकांशी जुळत नाहीत, आधी तिकडे बघू.