‘आमच्यात हिंसा होतच नाही’ म्हणणाऱ्यांना

बीडीएसएम, म्हणजे बांधणं, ताबा घेणं-देणं, वेदना असे संमतीचे लैंगिक खेळ, करणाऱ्यांमध्ये एक दावा फार लाडका आहे: ‘आमच्यात सगळं संमतीनं चालतं. सेफवर्ड, म्हणजे उच्चारताच सगळं थांबवणारा ठरलेला शब्द असतो, लेखी करार असतो, जुनीजाणती मंडळी लक्ष ठेवून असतात. घरगुती हिंसाचार हा बाहेरच्यांचा प्रश्न.’ असं का म्हणावंसं वाटतं ते कळतं. बाहेरच्याला दोरी दिसली की तो थेट मारहाणीवर येतो, त्याचं तोंड बंद करायचं असतं. पण त्या नादात आपल्यातल्याच कुणाचं तरी तोंड बंद होतं.

आधी सेफवर्ड. एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. ती ‘लाल’ हा तिचा सेफवर्ड म्हणते. तो लगेच थांबतो, गाठी सोडतो, पाणीही देतो. मग तीन दिवस बोलत नाही. चौथ्या दिवशी म्हणतो, ‘आधीची कधी असं करायची नाही.’ पुढच्या खेपेला ‘लाल’ तिच्या ओठांवर येतो आणि ती गिळून टाकते. नियम कुठेच मोडला नाही, शब्द पाळला गेला, तरी तो निकामी झाला. ‘नाही’ म्हणायची किंमत नंतर वसूल होत असेल, तर आधीच्या ‘हो’लाही अर्थ उरत नाही.

आणि खेळात गळा आवळल्यावर सेफवर्ड उच्चारणार कसा? मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह पूर्ण अडला तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदारानं पूर्वी गळा आवळलेल्या स्त्रियांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सुमारे सातपट आढळला. तो अभ्यास हिंसाचारग्रस्त स्त्रियांचा आहे, संमतीच्या खेळाचा नव्हे, हे मान्य. पण भांडण झालं की तोच हात गळ्याकडे जात असेल, तर त्याला खेळ म्हणू नये.

करार? त्या कागदाला न्यायालयात फारशी किंमत नाही. इंग्लंडमध्ये १९९३ च्या ‘ब्राउन’ खटल्यात (संमतीनं असे खेळ करणाऱ्या पुरुषांवरचा) हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, संमतीचा बचाव फेटाळला होता. २०२१ च्या घरगुती अत्याचार कायद्यानं तर स्पष्टच लिहिलं: लैंगिक सुखासाठी गंभीर इजेला संमती होती, हा बचाव चालणार नाही. ‘ब्राउन’चा निकाल मला स्वतःला पटत नाही, पण तो वेगळा विषय. घरात मात्र करार भलत्याच कामाला येतो: ‘तूच सही केली होतीस ना?’ संमती सहीत अडकलेली नसते. ती मध्येच, कारण न देता काढून घेता येते.

राहिली जुनीजाणती मंडळी. ज्याच्या हाताखाली निम्मे लोक दोरी बांधायला शिकले, त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? बोललंच कुणी तर ‘ड्रामा नको’. शिवाय गुपित फुटायची भीती. नोकरी जाईल, मुलांचा ताबा जाईल, घरी कळेल. छळणाऱ्याला ती धमकी बोलूनही दाखवावी लागत नाही. पुरुष सबमिसिव्ह, म्हणजे खेळात ताबा देणारा, तर पोलिसांपुढे जायच्या विचारानंच गप्प होतो.

म्हणून वळ मोजत बसण्यात अर्थ नाही. हाच वळ एका घरात कौतुकाचा असतो, दुसऱ्या घरात दहशतीचा. बघायचं ते खेळाबाहेर. पगार कुणाच्या हातात, फोन कोण तपासतं, मैत्रिणी एकेक करून का तुटल्या. विचारायचं असेल तर ‘मारू का देतेस?’ असं विचारू नका, ती दार लावून घेईल. ‘तू नाही म्हणालीस की नंतर काय होतं?’ असं विचारा. समुपदेशकांनीही आवडीवर घसरू नये. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीतून जागतिक आरोग्य संघटनेनं संमतीचा सॅडोमॅसोकिझम (वेदना देण्याघेण्यातलं लैंगिक सुख) काढला आहे.

नव्या माणसाला भेटताना आपण सेफ कॉल ठेवतो: ठरल्या वेळी मैत्रिणीला फोन, नाही आला तर ती शोध घेणार. पाच वर्षं एकत्र राहिल्यावर तो बंद का होतो, हे मला कधी कळलेलं नाही.