आकाशपाळणा पुस्तकात नाहीये हो!

पुस्तकावर तावातावाने बोलायचं असेल तर ते आधी वाचावं लागतं, ही अट कोणी आणि कधी रद्द केली? मला कोणी कळवलंच नाही. कळवलं असतं तर मी तरी कशाला रात्री जागवून, पेन्सिलीने खुणा करत तीनशेच्या आसपास पानं वाचत बसले असते? मीही सगळ्यांसारखी मागचं कव्हर वाचून आले असते आणि सगळ्यात मोठ्या आवाजात बोलले असते.

जळगावात आमचं एक छोटंसं वाचक मंडळ आहे. निवृत्त मास्तर, बँकवाले, एक-दोन डॉक्टर, आणि नोकरी-घर सांभाळून वाचणाऱ्या आमच्यासारख्या बाया. या वेळी पुस्तक निवडायची पाळी माझी होती. मी बेकी अल्बर्टॅली या अमेरिकन लेखिकेची 'सायमन व्हर्सेस द होमो सेपियन्स अजेंडा' निवडली. २०१५ सालची कादंबरी. अटलांटाच्या एका उपनगरात राहणारा सोळा वर्षांचा सायमन 'ब्लू' असं टोपणनाव घेतलेल्या मुलाशी ईमेलवर बोलतो. मुलगा त्याच्याच शाळेतला, पण कोण ते माहीत नाही. बोलता बोलता जीव जडतो. एके दिवशी हा शहाणा शाळेच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर मेल उघडतो आणि लॉगआउट करायला विसरतो. मार्टिन नावाचा वर्गमित्र ती पत्रं वाचतो, स्क्रीनशॉट काढून ठेवतो आणि म्हणतो, तुझ्या मैत्रिणीशी माझं जुळवून दे. नाही दिलंस तर काय, ते सांगायची गरजच नाही. इंग्रजी सोपं, शाळकरी पोरांच्या तोंडचं. तरीही ज्यांना जड जाईल त्यांच्यासाठी मी मराठीत प्रकरणवार सारांश लिहिला, झेरॉक्स काढून घरोघरी पोचवला. ते कागद मला नंतर एका घरी डब्यांखाली अंथरलेले दिसले, ते सोडा.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेलेली. पारा पंचेचाळिसाच्या आसपास, कूलर गरम वारा फेकतोय. अशात आमचे सर उठले. निवृत्त मुख्याध्यापक, मोठा माणूस. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं होतं, त्याचा बिल्ला अजून त्यांच्या शबनमला लटकतोय. सर म्हणाले, "विषय बाजूला ठेवू. निव्वळ लेखन म्हणून सांगतो, शेवटचा तो आकाशपाळण्याचा प्रसंग फारच पाल्हाळिक झालाय. आणि शाळकरी पोरांकडून कॅबरेचं नाटक बसवून घेतात, यावरूनच त्यांची संस्कृती काय ते कळतं."

पाल्हाळिक! अहो सर, पुस्तकात आकाशपाळणा नाहीच! तो या कादंबरीवरून काढलेल्या २०१८ च्या सिनेमात आहे. पुस्तकात दोघं भेटतात ते जत्रेतल्या दुसऱ्याच एका गरगर फिरणाऱ्या पाळण्यात, जमिनीलगतच्या, ज्यात बसल्यावर माणसाला मळमळतं. आणि कॅबरेही सिनेमातलंच. पुस्तकातली पोरं 'ऑलिव्हर' बसवतात, डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'वरून केलेलं संगीत नाटक. तो डिकन्स सरांनी आयुष्यभर पोरांना घोकायला लावला असेल. म्हणजे सरांनी सिनेमा पाहिला, तोही बहुतेक पुढे पळवत, आणि न वाचलेल्या प्रकरणाच्या शैलीवर अभिप्राय दिला. वांग्याचं देठ बघून भरताची चव सांगणारी माणसं आहेत ही!

पण खरा संताप पुढे आहे. आमच्या मंडळातल्या काकूंची अकरावीतली नात सोबत आली होती. तिने पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं. ती हळूच म्हणाली, "आजोबा, आकाशपाळणा पिक्चरमध्ये आहे, पुस्तकात नाहीये." अख्ख्या हॉलमध्ये पुस्तकाबद्दलचं ते पहिलं खरं वाक्य. काकूंनी तिच्याकडे न बघताच सांगितलं, "जाय व माय, सगळ्यांसाठी मठ्ठा घेऊन ये." पोरगी गेली. मठ्ठा भरायचा, ग्लास धुवायचे, पुन्हा भरायचा, यात तिची निम्मी चर्चा गेली. मंडळात त्या दिवशी पूर्ण वाचून आलेल्या दोघीच होतो, त्यातली एक मोरीपाशी ग्लास विसळत होती. सर बोलत राहिले.

मग सुरू झालं ते नेहमीचं. "ताई, आपल्या खान्देशात असं काही नसतं." बरं. हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही घरोघरी जाऊन विचारून आलात? आणि विचारलंत तरी तुमचा हा आवाज ऐकून कोण कशाला खरं सांगेल? त्या हॉलमध्ये बसलेल्या कोणाच्या घरी असा मुलगा नसेलच, याची खात्री मला तरी देता येणार नाही. "हे सगळं बाहेरून आलेलं फॅड." कुठून आलं म्हणे? १९८१ साली तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' मराठी रंगभूमीवर आलं, त्यात मुलीच्या प्रेमात पडलेली मुलगी आहे. २००६ साली सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' आली, मराठीत, पुण्यातल्या घरातली. भाऊ आणि बहीण एकाच मुलावर जीव लावतात. इंग्रजीत ती नंतर गेली. बाहेरून काही आलं असेल तर तो कायदा आला होता, असं नातं गुन्हा ठरवणारं कलम ३७७, इंग्रजांनी १८६० साली लिहिलेला, आणि तो आपण दीडशे वर्षांवर जपून ठेवला. ज्या जिल्ह्याच्या यावल तालुक्यातल्या सांगवीने 'कोसला' लिहिणारा माणूस मराठीला दिला, त्या जिल्ह्यातले वाचक म्हणवणारे लोक म्हणतात, परक्या मुलखातलं पुस्तक आपल्याले काय कामाचं!

एक डॉक्टर आहेत आमच्यात. त्यांनी हार्मोनवर पाच मिनिटं घेतली. डॉक्टरसाहेब, जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून १९९० साली काढलं. तुमच्या दवाखान्याची पाटी त्यानंतरची आहे. शिवाय आपण कादंबरीवर बोलतोय, सायमनला तपासायला आणलेलं नाही.

दुसरे एक भाऊ म्हणाले, "आता कोर्टाने सगळं देऊन टाकलं ना? मग कशाला उगाच रडगाणं?" सगळं म्हणजे काय हो? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने एवढंच सांगितलं की दोन सज्ञान माणसांचं संमतीने असलेलं नातं हा गुन्हा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाच्या मान्यतेचा प्रश्न आला तेव्हा त्याच न्यायालयाने नकार दिला, संसदेकडे बोट दाखवलं. आणि रडगाणं कुठे दिसलं तुम्हाला? पुस्तकात निम्मी पानं थट्टामस्करीची आहेत. पोरगं ओरिओ बिस्किटं खातंय, मित्रांवर रुसतंय, बापाच्या फालतू विनोदांना वैतागतंय. पण वाचेल त्याला दिसणार.

वयावरून तर काय गदारोळ! "सोळाव्या वर्षी प्रेमबिम, तेही असलं, आणि हे पोरांच्या हातात द्यायचं?" हेच लोक २०१६ च्या उन्हाळ्यात 'सैराट'ला तीन-तीनदा गेले होते. नातवंडांना खांद्यावर घेऊन. लग्नाच्या वरातीत 'झिंगाट'वर अंगातला सफारी घामाने भिजेपर्यंत नाचले. आर्ची-परश्या काय चाळिशीचे होते? तेव्हा कोणी पोरांवर होणाऱ्या परिणामाची सभा घेतली नाही. मुलगा-मुलगी असली की कोवळं प्रेम, दोन मुलगे असले की परिणाम!

आणि 'सैराट'वरूनच दुसरी गोष्ट. एक मॅडम, अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "बाकी आवडलं, पण शेवट गोड केलाय तो नाही पटला. वास्तववादी नाही." म्हणजे काय केलं असतं म्हणजे पटलं असतं? पोराला विहिरीत ढकलायचं होतं? रेल्वेखाली? अशी पोरं गोष्टीत आली की शेवटी मेली पाहिजेत, वेडी झाली पाहिजेत, निदान मुंबईला पळून जाऊन बेपत्ता तरी झाली पाहिजेत, मग आपल्याला दोन आसवं गाळून घरी जाऊन शेवभाजी खाता येते. सायमनला घरचे घरात ठेवतात, मित्र परत येतात, आणि ब्लू कोण ते कळल्यावर तो पोरगाही त्याला हवाच असतो. एवढं साधं सुख मिळालं तर मॅडमना ते खोटं वाटलं. मुला-मुलीच्या प्रेमकथेत शेवटी लग्न लागतं तेव्हा कुठे जातं हे वास्तव?

बरं, कौतुक करणारे तरी परवडले असं म्हणावं, तर तेही नाही. "फारच धाडसी विषय, संयमाने हाताळलाय, कुठेही अश्लील नाही." हे वाक्य तीन जणांनी तीनदा म्हटलं, प्रत्येकाने आपलंच असल्यासारखं. त्यात पुस्तकाचं काय आहे? त्यात फक्त मी किती मोठ्या मनाचा, हे आहे. बँकेतल्या आमच्या साहेबांना सायमनबद्दल सहानुभूती वाटली म्हणे. सायमनला? त्याच्याकडे कुत्रा आहे, जीव टाकणाऱ्या बहिणी आहेत, स्वतःची खोली आहे. आमच्यापेक्षा बरं चाललंय त्याचं! त्याच्यावर एक माणूस अन्याय करतो, त्याचा राग यायला पाहिजे. राग कोणालाच आला नाही. सगळे दयाळू.

शेवटी कॉलेजातला एक पोरगा, तो स्वतःला फार पुढारलेला समजतो, म्हणाला, "पण ही लेखिका तर लग्न झालेली, पोरंबाळं असलेली बाई. तिला काय कळणार गे मुलाचं?" हा आक्षेप त्याच्या डोक्यातून निघालेला नाही. जगभरच्या वाचकांनी तो वर्षानुवर्षं त्या बाईच्या मागे लावला होता. एवढा, की ऑगस्ट २०२० मध्ये तिला जाहीरपणे लिहावं लागलं की ती स्वतः बायसेक्शुअल आहे, म्हणजे पुरुष आणि बाई दोन्हींकडे ओढ असलेली, आणि हे असं, लोकांच्या दबावाखाली सांगणं तिला अजिबात नको होतं. बघा आता. कादंबरी कशावर आहे? एका पोराची गोष्ट त्याने सांगण्याआधी दुसऱ्याने जगापुढे मांडली, यावर. आणि तीच कादंबरी डोक्यावर घेणाऱ्या वाचकांनी तिच्या लेखिकेचं तेच केलं. पुस्तक कळलेल्या वाचकांची ही तऱ्हा, मग न वाचणाऱ्यांना मी कोणत्या तोंडाने बोलू? तरी बोलणार.

कारण माझं स्वतःचं भांडण राहूनच गेलंय. मला ही कादंबरी सगळीच्या सगळी आवडलेली नाही! ईमेलचे भाग सुरेख आहेत. दोन पोरं एकमेकांना नाव न सांगता मनातलं सगळं सांगतात. शाळेच्या पार्किंगमध्ये सायमन मार्टिनवर भडकतो, की हे कधी, कसं, कोणाला सांगायचं ते माझं मी ठरवणार होतो, तू माझ्याकडून ते हिसकावलंस, ते पान तर मी पुन्हा पुन्हा वाचलं. पण त्यानंतर मार्टिनची एक लांबलचक माफीची मेल येते आणि लेखिका त्याला जवळजवळ मोकळा सोडते. त्याच्या घरची गोष्ट पुढे करून. मला ते मुळीच मंजूर नाही. आणि लिआ, सायमनची जुनी मैत्रीण, तिचं दुखणं पानोपानी दिसतं पण कोणी तिच्यापाशी थांबत नाही. २०१८ मध्ये लेखिकेने लिआवर वेगळी कादंबरी लिहिली खरी, पण म्हणून या पुस्तकातली उणीव भरून निघत नाही. ब्लू कोण हेही जागरूक वाचकाला अर्ध्यावरच कळतं. यावर तासभर बोलायचं होतं मला.

उठले. एवढंच म्हणाले, "मार्टिनचं प्रकरण लेखिकेने फार सोप्यात उरकलंय, ते मला खटकलं."

सरांनी माझं वाक्य पुरतं संपूही दिलं नाही. टाळी वाजवून म्हणाले, "बघा! ताईंनाही नाही पटलं पुस्तक! मी तेच म्हणत होतो!"

आणि निम्म्या हॉलने माना डोलावल्या. डॉक्टरांनीही. उरलेले निम्मे, ते मोठ्या मनाचे, माझ्याकडे असं बघायला लागले की मीच कोणाला तरी वाळीत टाकायला निघाले होते. आता सांगा, काय करायचं? चांगलं म्हणावं तर त्या सहानुभूतीच्या रांगेत जाऊन उभं राहायचं, वाईट म्हणावं तर सरांच्या खिशात. 'मार्टिन खलनायक म्हणून कच्चा आहे' हे म्हणण्याएवढीही जागा या लोकांनी ठेवली नाही. खान्देशातल्या कोणत्याही लग्नाच्या पंगतीत कळण्याच्या पुऱ्यांवर याहून बारकाईने टीका होते, आणि तिथे कोणी तुम्हाला विचारत नाही की तुमचा मुळात जेवणालाच विरोध आहे का.

पुढच्या महिन्यासाठी सर्वानुमते 'घरात सगळ्यांना वाचता येईल असं' पुस्तक ठरलं. एका थोर पुरुषाचं चरित्र, जाडजूड. बैठक संपेपर्यंत सरांचं त्यावरचं मतही तयार झालं होतं.

मार्टिनला माफ करावं की नाही यावर कोणाला माझ्याशी भांडायचं असेल, तर मी रविवारी दुपारनंतर घरीच असते. काकूंच्या नातीला मी बोलावलंय, तिचं म्हणणं माझ्या अगदी उलट आहे आणि ती पान नंबर सांगून भांडते. मठ्ठा मी करीन. ज्यांनी फक्त सिनेमा पाहिलाय त्यांनी येऊ नये.