एकच बिल्डिंग किती वेळा काढायची?

काल रात्री साडेअकराला ऑफिसमधून निघाले, अजून डोकं शांत नाहीये, म्हणून लिहितेय. पुण्यात बिमवर (बिल्डिंग इन्फॉर्मेशन मॉडेलिंग) काम करायचं हे माझं आठवं वर्ष. बिम म्हणजे नुसतं ड्रॉइंग नाही, अख्खी बिल्डिंगच कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, भिंत किती जाड, कशाची, कुठल्या दिशेला, खिडकीची काच कुठली, सगळं त्यात भरलेलं असतं. चार महिने खपून आम्ही एका टॉवरचं मॉडेल केलं आणि बांधकाम परवानगीसाठी मंजुरीला टाकायची वेळ आली तेव्हा काय, तर ते सगळं मोडून परत सपाट रेघा करा. कारण प्लॅन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला टूडी डीडब्ल्यूजी फाइलच लागते, म्हणजे सपाट कॅड ड्रॉइंग, तेही त्यांनी ठरवलेल्या लेयरच्या (ड्रॉइंगमधल्या थरांच्या) नावांनी. ही बाल्कनी आहे, हा जिना आहे, हे माझ्या मॉडेलला आधीच माहितीये हो! तरी मी प्रत्येक बाल्कनीभोवती हाताने पॉलीलाइन, म्हणजे सलग जोडलेली रेघ, ओढत बसायचं. काल तिसऱ्यांदा रिपोर्ट फेल आला आणि कारण काय, तर सातव्या मजल्यावरच्या एका डक्टची पॉलीलाइन क्लोज नव्हती, दोन टोकांमध्ये दोन मिलिमीटरची फट. त्या फटीपायी अख्खी फाइल परत.

यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, येऊन आता कितीतरी वर्षं झाली, डिसेंबर २०२० मध्ये आली, एफएसआय, मार्जिन, पार्किंग सगळे नियम आकड्यांत आहेत, आणि आकडे मॉडेलमधून थेट निघतात. मग मॉडेलच का नाही तपासत? सिंगापूरने २०१३ मध्ये २०,००० चौरस मीटरच्या वरच्या नव्या इमारतींपासून सुरुवात केली आणि २०१५ पर्यंत ५,००० च्या वरच्या सगळ्यांना मॉडेलच सबमिट करायला लावलं. आपल्याकडे हा विषय काढला की लगेच ऐकवतात, छोट्या आर्किटेक्टला परवडणार नाही. अहो, बंगलेवाल्याला कोण सांगतंय, मोठ्या टॉवरपासून सुरू करा ना! नागपूर मेट्रोने ५डी बिम वापरलं, म्हणजे मॉडेलला वेळापत्रक आणि खर्चही जोडला, त्यामुळे इथल्या माणसांना जमत नाही हे तर मला अजिबात सांगू नका.

आणि मंजुरी हा तर निम्माच त्रास, खरा संताप कराराचा. मागच्या एका प्रोजेक्टला टेंडरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, मॉडेल फक्त माहितीसाठी, फरक आढळला तर सही केलेलं ड्रॉइंगच ग्राह्य. बेसमेंटच्या एका बीममधून (तुळईतून) एसीचा डक्ट आरपार जातोय हे आम्ही मॉडेलमध्ये पकडलं, स्क्रीनशॉट काढून मेल केला, स्लॅबच्या सहा आठवडे आधी. साइटवर मात्र जुनं प्रिंट भिंतीला चिकटवलेलं, त्यावरच काँक्रीट ओतलं. नंतर मी साइटवर गेले तर कोअर कटिंगचं, म्हणजे काँक्रीटला भोक पाडायचं, मशीन लावून तोच बीम कापायची तयारी चाललेली, धुळीने काही दिसत नव्हतं, स्ट्रक्चरलवाल्याने धावत येऊन थांबवलं म्हणून बरं. मग खर्च कोणाचा यावर तीन महिने पत्रापत्री, आणि माझा मेल कोणी हिशोबातही धरला नाही, कारण मॉडेल ‘माहितीसाठी’! आपला १८७२ चा करार कायदा याच्या आड येत नाही, दोघांनी मान्य केलं तर मॉडेल करारात बसतं, त्याची मालकी कोणाची, चूक झाली तर जबाबदारी कोणाची हेही लिहिता येतं. पण ते कलम लिहायची तसदी घेणार कोण, जुनं टेंडर कॉपी-पेस्ट केलं की झालं.

एनर्जीचं ऐकाल तर अजून चिडाल. २०१८ ची इको निवास संहिता, म्हणजे घरांसाठीचे ऊर्जा बचतीचे नियम, सांगते की थंड हवामानाचा भाग सोडून, बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून घरात येणारी उष्णता चौरस मीटरला १५ वॉटच्या आत हवी. २०२२ च्या दुरुस्तीने तर ऊर्जा संवर्धन कायद्यातच मोठ्या निवासी इमारती आल्या. या गणिताला लागतं काय, तर कुठल्या दिशेला किती भिंत, किती काच, कुठलं मटेरियल. सगळं मॉडेलमध्ये आहे! पण आमचा कन्सल्टंट पीडीएफ मागतो, त्यावर माप घेतो आणि एक्सेलमध्ये हाताने टाइप करतो. मग मार्केटिंगवाल्यांना मोठी काच हवी होती म्हणून पश्चिमेच्या बेडरूमची खिडकी दीड मीटरची दोन मीटर दहा झाली. मॉडेल पाच मिनिटांत बदललं, एक्सेल तसंच राहिलं, म्हणजे कागदावर पास झालेली बिल्डिंग वेगळी आणि बांधली जाणारी वेगळी. त्या बेडरूममध्ये एप्रिलच्या दुपारी पोरांना झोपवणारं कुटुंब वर्षानुवर्षं एसीचं बिल भरणार, त्यांना कोणी सांगणारे का की तुमच्या घराचं गणित जुन्या खिडकीचं होतं? माझा जीव याच्यासाठी तुटतो, कारण ते उत्तर माझ्या स्क्रीनवर होतं आणि कोणत्याच फॉर्ममध्ये ते भरायला जागा नव्हती.

आज परत बसायचंय. आठव्या मजल्यापासून वरच्या सगळ्या पॉलीलाइन एकेक झूम करून बघायच्यात, आणि दुपारी कन्सल्टंटचा फोन येणारे, पीडीएफ पाठवा म्हणून.